पोहता येतं हो, बाहेर येता येत नाही!

माझ्या मोबाइलमध्ये दोन मिनिटं बारा सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. त्यात आमचा लाडू स्विमिंग पूलमध्ये गोल गोल पोहतोय आणि मागे मी खदाखदा हसतेय. पहिली दीड मिनिटं. नंतरचं मी एकदाच पाहिलंय.

लाडू म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर. वय वर्षं तीन, वजन बत्तीस किलो, रंग बेसनाच्या लाडवाचा. डोंबिवलीच्या टू बीएचकेमध्ये एवढं धूड पाळायचं म्हणजे रविवारी त्याला कुठेतरी मोकळं सोडणं आलंच. आठवडाभर आम्ही दोघं लोकलमध्ये चेंगरणार, तो गॅलरीत बसून कावळे मोजणार. मग रविवारी पहाटे गाडी काढायची आणि टिटवाळ्याच्या पुढे काळू नदीवर जायचं. तिथे एका ठिकाणी काठाला छान उतार आहे. लाडू धावत पाण्यात जायचा, काठी आणायचा, चालत बाहेर यायचा आणि नेमका आमच्याजवळ येऊन अंग झटकायचा. आमची खात्रीच पटली होती की हा जन्मजात ऑलिम्पिक चॅम्पियन आहे.

मागच्या मे महिन्यात आमच्या ग्रुपने मुरबाडच्या बाजूला एक फार्महाऊस बुक केलं. कुत्रे अलाउड, पूल अलाउड, और क्या चाहिए! कुणीतरी बॉल फेकला, लाडूने सॉल्लिड उडी मारली. बॉल पकडला आणि जिथून उडी मारली होती तिथेच परत आला. पुढचे पंजे काठाच्या टाइल्सवर टाकले. घसरले. पाणी काठापासून चांगलं फूटभर खाली होतं. पुन्हा पंजे, पुन्हा घसरण. मग तो भिंतीच्या कडेकडेने फिरायला लागला आणि आम्हाला वाटलं, मजा करतोय. ‘बघ बघ, राउंड मारतोय!’ हा माझाच आवाज आहे.

तिसऱ्या फेरीत त्याची कंबर खाली जायला लागली. शरीर आडवं न राहता उभं झालं, पुढचे पाय पाण्यावर थपाथप आपटायला लागले आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला. नवऱ्याने कपड्यांसकट उडी मारली. घाबरलेल्या लाडूने त्याच्याच खांद्यावर चढायचा प्रयत्न केला. क्षणभर दोघंही पाण्याखाली! शेवटी तिथले वॉचमन काका धावत आले, काठावर पोटावर आडवे झाले, एका हाताने पट्टा आणि दुसऱ्या हाताने मानेचं कातडं पकडलं. खालून नवऱ्याने ढकललं. लाडू बाहेर आला, भडाभडा पाणी ओकला आणि माझ्या पायांवर कोसळला.

काका शर्ट पिळत म्हणाले, ‘‘पोहता येतंय की त्याला, ताई. पण ही शिडी माणसाची. कुत्रं कसं चढणार?’’

पूलला बाहेर यायला एकच रस्ता होता. पलीकडच्या कोपऱ्यातली स्टीलची उभी शिडी. बुकिंग करताना मी एसी, पार्किंग आणि बार्बेक्यू विचारलं होतं. लाडू बाहेर कसा येणार, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. बुडता बुडता वाचलेला कुत्रा शेपूट हलवायला लागला म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं. फुप्फुसात पाणी गेलं असेल तर त्रास काही तासांनीही सुरू होतो. खोकला, जोरात चालणारा श्वास, निळसर पडलेल्या हिरड्या यांवर निदान एक दिवस लक्ष ठेवायचं. आम्ही रात्रभर पाळी लावून जागलो. दुसरी गोष्ट मला ठाऊकच नव्हती. तोंड उघडं ठेवून बॉल आणताना कुत्र्याच्या पोटात भरमसाट पाणी जातं आणि रक्तातलं मीठ पातळ होतं. मग पोट फुगतं, चाल झोकांड्या खाते, उलट्या होतात. हेही जिवावर बेतू शकतं. म्हणून दर दहा मिनिटांनी ब्रेक हवाच.

कल्याणला बाबांना हे सगळं सांितलं तेव्हा मला वाटलं, आता लेक्चर मिळणार. ते एवढंच म्हणाले, ‘‘आम्ही विहिरीत पोहायला शिकलो ना, तेव्हा कमरेला दोर बांधायचे आणि आधी पायरी धरून वर यायला शिकवायचे. दहा वेळा वर आलास की मग उडी.’’ जुन्नरकडे विहिरीत बिबट्या पडला की वनखात्याची माणसं आधी त्याला टेकायला बाज किंवा शिडी सोडतात, हेही त्यांनीच आठवून दिलं. बिबट्यालासुद्धा पोहता येतं. उभी भिंत मात्र त्यालाही हरवते.

तेव्हापासून मी आपल्या भागातलं पाणी वेगळ्या नजरेने बघते. ठाणे तलावांचं शहर. पण बऱ्याच तलावांचे काठ आता बांधीव आहेत. मॉर्निंग वॉकला फार सुंदर, पण बदकामागे उडी मारलेल्या कुत्र्यासाठी तो आमच्यासारखाच पूल! विसर्जन घाटाला पायऱ्या असतात, पण त्यांवर शेवाळं असतं. उल्हास नदीवर जलपर्णी पसरली की वरून हिरवंगार लॉन दिसतं, कुत्रा बिनधास्त पाय टाकतो आणि खाली अडकतो. रेती उपसलेल्या जागी गुडघाभर पाण्यातून एका पावलात खड्डा लागतो. खाडीचं तर विचारूच नका. भरतीला ज्या काठावरून कुत्रा उतरला, तिथे ओहोटीला नुसता चिखल उरतो. आणि येऊरचे ओढे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतात, तिथे कुत्रा न्यायचाच नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात लेप्टोची भीती, त्यामुळे त्याची लस दरवर्षी चुकवायची नाही.

आणि ‘सगळ्या कुत्र्यांना पोहता येतं’ ही शुद्ध थाप आहे. 2003च्या हचच्या जाहिरातीने घराघरात पोचवलेला तो गोड पग आठवतोय? चपटं नाक, जड पुढचा भाग. पाण्यात त्याचं नाक वर राहणंच मुश्कील. बुलडॉगचं तेच. डॅक्सहुंडचे पाय आखूड. यांना लाइफ जॅकेटशिवाय पाणी नको. खरं तर लॅबलाही जॅकेट हवंच, पाठीवर हँडल असलेलं. त्या दिवशी ते हँडल असतं तर वॉचमन काकांना कातडं ओढावं लागलं नसतं.

लाडू दोन महिने बादलीलाही घाबरत होता. मग आम्ही उलटी शिकवणी सुरू केली. एका ओळखीच्यांच्या पूलमध्ये रुंद पायऱ्या आहेत. लाडूला जॅकेट, लांब दोरी, नवरा पाण्यात आणि मी पायरीवर चिकन घेऊन. पहिल्या दिवशी फक्त वरच्या पायरीवर उभं राहायचं आणि बाहेर यायचं. मग दुसरी पायरी. मग पूलच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून वळून पायरीकडे यायचं. ढकलायचं नाही, फेकायचं तर मुळीच नाही. पायरी पटकन दिसावी म्हणून तिच्याजवळ एक लाल कुंडी ठेवली. तीन आठवड्यांनी तो कुठूनही थेट पायरीकडे यायला लागला. त्या दिवशी चिकन त्याने खाल्लं आणि रडले मी.

आता बुकिंगसाठी फोन केला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘पूलला पायऱ्या आहेत का?’’ समोरचा विचारतो, ‘‘लहान मुलं आहेत का मॅडम?’’

‘‘हो,’’ मी सांगते, ‘‘एक आहे. बत्तीस किलोचं.’’