कडेपासूनचे अंतर

स्मरणिकेसाठी ‘सध्या काय करता ते लिहून पाठवा’ असा निरोप शाळेकडून आला, तेव्हा पहिली अडचण कामाला नाव काय द्यावे हीच होती. पवईच्या आयआयटी मुंबईत ‘फॉसी’ नावाचा एक प्रकल्प चालतो. अभियांत्रिकी आणि विज्ञान शिकणाऱ्या मुलांना महागड्या सॉफ्टवेअरऐवजी मुक्त सॉफ्टवेअर वापरता यावे, हा त्याचा हेतू. खर्च केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या राष्ट्रीय अभियानातून भागतो. कंपनी म्हणून तिथे नोंदणी नाही, भागधारक नाहीत, विक्री विभाग तर नाहीच. बाकी सगळे सॉफ्टवेअर कंपनीसारखे: मुदती, चाचण्या, आणि मुदत संपत आल्यावरची धावपळ.

मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्याचे नाव ओसडॅग. पोलादी बांधकामातील तुळई, खांब आणि त्यांचे जोड यांचे गणित ते करते, तेही आपल्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस 800:2007 प्रमाणे. प्रा. सिद्धार्थ घोष यांच्या मार्गदर्शनाखाली ते उभे राहिले. त्याचा मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे शेवटी मिळणारा अहवाल. केवळ ‘जोड सुरक्षित आहे’ एवढे सांगून ते थांबत नाही. कोणते सूत्र, मानकाचे कोणते कलम, कोणती किंमत कुठे घातली, हे ओळीने मांडते. ज्याला शंका असेल त्याने कागद-पेन्सिल घेऊन पडताळावे. त्याहूनही शंका असेल तर मूळ संगणकीय आज्ञावलीच उघडी आहे.

याचे मोल मला का वाटते, ते सांगतो. आपल्या वसतिगृहात एका गाईडवर चौघे अभ्यास करीत असू. त्यात कमीपणा कुणालाच वाटला नाही. पुढे अभियांत्रिकीला गेलो, तर प्रयोगशाळेत सॉफ्टवेअरचे परवाने मोजके आणि मुले कितीतरी अधिक. ज्याच्या घरी लॅपटॉप, त्याच्याकडे कुलूप तोडलेली प्रत. उरलेल्यांनी पडद्याकडे मागून पाहायचे. गाईड वाटून घेता येत होते, हे वाटून घेणे मात्र गुन्हा होता. त्या काळात ‘स्पोकन ट्युटोरियल’चे मराठीतले धडे माझ्या हाती लागले. जेमतेम दहा मिनिटांचा एकेक धडा, आणि त्यासोबत लागणारे सॉफ्टवेअर उघडपणे, कुणाला न घाबरता घेता येणारे. आयआयटीतील प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेला हा उपक्रम आहे, हे मला फार नंतर कळले.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत, त्यामुळे तिकडच्या लोकांना पानेच्या पाने खुलासा लिहावा लागतो. मराठीत तो त्रास नाही. फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. आमचे सॉफ्टवेअर फुकट मिळते हे खरे, पण महत्त्वाचे हे की ते वापरता, तपासता, बदलता आणि पुढे देता येते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 साली ज्या जिल्ह्यात सुरू झाला, तिथल्या वाचकांना मालकी वाटून घेण्याची कल्पना नव्याने सांगायला नको. फरक एवढाच की इथे सभासद होण्यासाठी ऊस लागत नाही.

अर्थात हे काम नुसते गोड नाही. पगार मोठ्या कंपन्यांच्या मानाने बेताचा आणि नेमणूक मुदतीची. धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचे कर्ज फिटेपर्यंत दर महिन्याला मी हिशेब दोनदा मांडत असे. दुसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही. पैसे मोजलेला ग्राहक चुकले की आरडाओरडा करतो. आमचा वापरकर्ता मुकाट्याने निघून जातो; फुकटच्या गोष्टीबद्दल तक्रार कशी करावी, असे त्याला वाटते. त्यामुळे ‘माझे हाताने केलेले उत्तर जुळत नाही’ असे एखाद्या मुलाचे पत्र आले की आम्हाला आनंद होतो. मग दोन-तीन जण बसून त्याचे गणित आणि आमचे गणित ओळीला ओळ लावून पाहतो. कधी तो चुकलेला असतो, कधी दुरुस्ती आमच्याकडे करावी लागते. ती दुरुस्ती कोणी, केव्हा, का केली, हे सगळ्या जगाला दिसते.

माझे वडील श्रीरामपूरला एका फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डर आहेत. शेड, गोदामे, पाण्याच्या टाकीचे स्टँड यांत त्यांचे आयुष्य गेले. त्यांचा पहिला प्रश्न होता, “फुकट वाटता, मग तुला पगार कोण देतं?” सरकार देते, म्हटले. “म्हंजे आपल्याच पैशाचं हाय की मग ते,” असे म्हणून त्यांनी विषय मिटवला. याहून नेमके स्पष्टीकरण मी कोणत्याही परिसंवादात ऐकलेले नाही.

गेल्या दिवाळीत त्यांना एक अहवाल दाखवला. 20 मिलिमीटरच्या बोल्टला 22 मिलिमीटरचे भोक. दोन बोल्टमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत किमान अंतर व्यासाच्या अडीचपट, म्हणजे 50 मिलिमीटर. दादा म्हणाले, हे आम्हाला उस्तादाने बोटावर शिकवले होते. पुढे कडेचे अंतर आले. पट्टीची कड हाताने गॅस कटरवर कापली असेल तर भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत किमान अंतर भोकाच्या 1.7 पट धरायचे: 37.4 मिलिमीटर. यंत्राने कापली असेल तर दीडपट, 33 पुरे. दादा बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिले. “म्हंजे हाताला चार मिलिमीटरचा दंड,” ते म्हणाले. मग स्वतःच्या हातांकडे पाहून हसले. “बरोबर हाय. हात हालतो.”

अहवाल इंग्रजीत होता. त्यांनी फक्त आकडे वाचले होते. दुकानातल्या पोरांना कळेल असे हे लिहून दे, असे त्यांनी सांगितले. ‘एज डिस्टन्स’ला तिथे ‘कड’ म्हणतात, मीही तेच लिहिले. दोन पाने आता ड्रिल मशीनच्या वर भिंतीला चिकटवलेली आहेत. 16 मिलिमीटरच्या बोल्टचा तक्ता राहिला आहे, तो मे महिन्यात गेलो की लिहून द्यायचा आहे.