क्रमांक दोनचा रंग

१९८७च्या मे महिन्यात बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने मालवणच्या आमच्या घरी दोन वस्तू आणल्या. एक होता छोटा परदेशी कृष्णधवल टीव्ही आणि दुसरा रबरी कळांचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक. १९८२ साली इंग्लंडमध्ये बाजारात आलेल्या या यंत्राची भारतीय आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनेही काढली होती. “ह्यां रंगीत आसा,” मामा शेजाऱ्यांना अभिमानाने सांगे. पडद्यावर मात्र करड्या छटांपलीकडे काही दिसत नसे. शेजारी गालातल्या गालात हसत. एकदा मीही सर्वांदेखत म्हणालो, “मामा, तुला फसवलं त्यांनी.” तो काही बोलला नाही. पुढे संगणक माळ्यावर गेला.

या यंत्राच्या भाषेत अक्षराच्या रंगाला ‘इंक’, पार्श्वभूमीला ‘पेपर’ आणि कडेला ‘बॉर्डर’ म्हणतात. रंगांना क्रमांक आहेत : ० काळा, १ निळा, २ लाल, ३ किरमिजी, ४ हिरवा, ५ आकाशी, ६ पिवळा, ७ पांढरा. हा क्रम उजळपणाचा आहे. त्यामुळे कृष्णधवल पडद्यावर त्याच आठ रंगांची काळ्याकडून पांढऱ्याकडे चढत जाणारी करडी शिडी दिसते. आमच्या लेखी लाल म्हणजे काळ्यानंतरचा दुसरा करडा.

मामा गेल्यानंतर माळा आवरताना ते यंत्र पुन्हा हाती आले. कळांखालचा कडक होऊन तुटलेला पापुद्रा बदलला आणि संगणक एका जुन्या रंगीत टीव्हीला जोडला. चित्र स्वच्छ उमटले, पण करडेच! कबूल करायला हवे, की त्या क्षणी मला किंचित समाधान वाटले. म्हणजे मी खरा होतो तर.

मग वाचू लागलो. पाल पद्धतीत उजळपणा आणि रंग यांची माहिती एकाच संदेशात, पण वेगळी जाते. रंग ४.४३ मेगाहर्ट्‌झच्या उपवाहक लहरीवर स्वार असतो. ही लहर जरा ढळली, की टीव्ही रंग पूर्ण बंद करतो आणि निर्दोष कृष्णधवल चित्र दाखवतो. म्हणजे करडेपणा एकच, कारणे दोन : तेव्हा आमच्या टीव्हीला रंग वाचताच येत नव्हता, आता इतक्या वर्षांनी यंत्राची लहर ढळली होती.

खाऱ्या हवेने काळवंडलेली जोडणी आधी पुसून पाहिली. फरक पडला नाही. आतल्या पटलावर स्फटिकाशेजारी एक बारीकसा फिरता संधारित्र असतो. यंत्र थोडा वेळ तापू दिले, ‘बॉर्डर २’ अशी आज्ञा दिली आणि प्लॅस्टिकच्या पेचकसाने तो अगदी हळू फिरवला. धातूचा स्पर्श झाला तरी लहर बदलते. प्रथम रंगांचे तिरपे पट्टे सरकले. मग ते थांबले आणि पडद्याची कड लालभडक झाली.

मी आईला हाक मारली. ती दारातच थबकली. “तो सांगत होतो तां खरां होतां,” एवढेच म्हणाली आणि स्वयंपाकघरात परतली.

जुनी संहिता निस्तेज वाटली तर आधी आपले वाचन तपासा, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. मामाच्या बाबतीत ते तपासायला मला तो जाईपर्यंत सवड झाली नाही.