छोट्या हत्तीची अंबारी

वऱ्हाड पाहायला निघालेला पुण्या-मुंबईचा माणूस शेगावला उतरतो, फार तर लोणारच्या विवरात डोकावतो आणि वऱ्हाड पाहिले म्हणून घरी परततो. वाशीम त्याच्या वाटेत येत नाही. जिल्हा वयानेही लहान. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघाला. गाव मात्र इतके जुने, की वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्म या नावाने येथूनच राज्य करीत होती. पण मी गेलो तो वाकाटकांसाठी नव्हे. माझा मामेभाऊ रिसोडला असतो. नांगर, वखर, पेरणीयंत्रे आणि मळणीयंत्रे दुरुस्त करण्याचा त्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, वेल्डिंगचे यंत्र, एक ड्रिल आणि दोन पोरे. त्याच्याकडे नव्हता तो फक्त लेथ.

लेथ नसणे म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सहज कळणार नाही. दिवाळीच्या तोंडावर या जिल्ह्यात सोयाबीन काढतात. शेंगा एकदा वाळल्या की थांबत नाहीत. तडकतात आणि दाणे वावरात सांडतात. अशा वेळी मळणीयंत्राचा शाफ्ट झिजला, तर तो उतरवून अकोल्याला न्यायचा, तिथे रांगेत ठेवायचा, कातून आणायचा. यात दोन दिवस जातात आणि शेतकऱ्याचा जीव वर-खाली होतो. दादाने अशी वीस वर्षे अकोल्याची वारी केली. अखेर यंदा कारंज्याच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधला जुना लेथ विकायचा आहे असे कळले, तेव्हा त्याने वहिनींच्या पाटल्या बँकेत ठेवल्या आणि सौदा करून टाकला. मी सुटीला पोहोचलो त्याच संध्याकाळी तो म्हणाला, “सकाळी चाल माह्यासंगं. यंत्र आनाचं हाय.”

अडचण एकच होती. ऑक्टोबरात वाशीम जिल्ह्यात रिकामा ट्रक मिळवणे आणि लग्नसराईत आचारी मिळवणे सारखेच. होते-नव्हते ते ट्रक सोयाबीनखाली अडकलेले. मिळाला तो छोटा हत्ती. टाटांनी २००५ साली ‘एस’ या नावाची ही चिमुकली चारचाकी मालगाडी काढली आणि लोकांनी तिचे बारसे परस्पर उरकून घेतले. भाजीची पोती, मंडपाचे बांबू, बदली झालेल्या गुरुजींचे बिऱ्हाड, सारे काही हा हत्ती वाहतो. मात्र कागदावर त्याची ताकद साडेसातशे किलोंची. ड्रायव्हर पंचविशीतला, गाडीचा मालकही तोच, आणि गाडीचे हप्ते अजून फिटायचे होते.

कारंजा हे कापसाचे आणि देवाचे गाव. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्त येतात, जैनांची जुनी मंदिरे आहेत, गावाला वेशी आहेत. आणि मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ याच गावावरून जात असे. किलिक-निक्सन कंपनीची अडीच फुटी रुळांची ही गाडी वऱ्हाडचा कापूस मोठ्या रेल्वेपर्यंत पोचवी; तिथून मुंबई आणि पुढे थेट विलायत. तिचे वाफेचे इंजिन मँचेस्टरात बनलेले. ते १९९४ सालापर्यंत धावले, मग डिझेल आले आणि आता गाडीच बंद आहे. कापूस तिकडे गेला, इंजिन तिकडून आले, असा हा व्यवहार होता. त्यात फायदा कुणाचा झाला ते शाळेतल्या पुस्तकात आपण वाचलेच आहे.

जिनिंगच्या आवारात गवत कमरेएवढे वाढले होते. जिनची यंत्रे केव्हाच गेली होती. चामड्याचा रोलर रुई ओढून घेतो, हलती सुरी सरकी मागे झटकते, असे रांगेने चालणारे जिन इथे एके काळी धडधडत असणार. आता चौथऱ्यांवर फक्त बोल्टांची भोके उरली होती. कोपऱ्यातल्या फिटिंग खोलीत लेथ उभा होता. सहा फुटी, पट्ट्यावर चालणारा, बिडाचा. पाटीवरची अक्षरे इतकी झिजली होती की यंत्राची जात कुठली, गोत्र कोणते, काहीच कळेना. दादाने त्याच्या बेडवरून हात असा फिरवला, की गाईच्या पाठीवरून फिरवावा.

चार हमाल आणि मुकादम बोलावले होते. पहारींनी लेथ उचलला, खाली लोखंडी नळ्या सरकवल्या आणि बोटबोट पुढे ढकलत बाहेर ओट्यावर आणला. रुईच्या गाठी गाडीत चढवण्यासाठी बांधलेला तो ओटा हत्तीच्या हौद्यापेक्षा हातभर उंच. म्हणून जाड फळ्यांचा उतार केला, यंत्राला दोर बांधला आणि दोराचे तीन वेढे खांबाला घातले. एवढे धूड चौघे ओढून धरू शकत नाहीत, पण खांबाला वेढे असले की एकटा माणूस दोर हळूहळू सोडत बसतो आणि यंत्र सुनेसारखे खाली मान घालून उतरते. तास गेला. शेवटी लेथ पायांसकट गाडीत उभा राहिला आणि हत्तीने बसकण मारली. मागचे पाटे सपाट होऊन उलटे वाकले, चाके वर कमानीला टेकायला आली आणि पुढचे तोंड आभाळाकडे झाले.

“जमते भाऊ,” ड्रायव्हर म्हणाला. “दीड टन ईटा नेल्या म्या याच गाडीत.”

तेवढ्यात सायकल भिंतीला टेकवून एक वृद्ध गृहस्थ आत आले. धोतर, डोक्याला टोपी, खिशात चष्म्याचे घर. जिनिंगचे जुने फिटर. याच लेथवर त्यांची तीस वर्षे गेली होती. यंत्र जाणार असे ऐकून पाहायला आले होते. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, वाकून पाटे पाहिले आणि ड्रायव्हरला विचारले, “पोरा, वजन केलं काय?”

“कायले बाबा? ईटा नेल्या ना.”

“ईटा खाली निजून राह्यतात. हे उभं हाय. मुंडकं जड, पाय अरुंद. खड्ड्यात चाक गेलं की हे डोलते, आन् डोललं की गाडीले संगं घेऊन जाते. चढाले तुले इंजन अडवीन. उताराले कोन अडवीन?”

दादाचा चेहरा उतरला. पण म्हातारबुवांनी हुकूम केला नाही, वादही घातला नाही. “काट्यावर जाऊन या,” एवढेच म्हणाले आणि ओट्यावर बसून तंबाखू मळू लागले. जवळच्या वजनकाट्यावर गाडी गोगलगाईच्या चालीने नेली. चिठ्ठी आली २०१५ किलोंची. गाडीच्या कागदावर भरलेल्या गाडीची मर्यादा होती १५५०. म्हणजे चारशे पासष्ट किलो जास्त. दादाने चिठ्ठी खिशात घातली, पुन्हा काढली, पुन्हा वाचली. आकडा तोच.

२०१९ साली मोटारवाहन कायदा बदलला तेव्हापासून जादा भाराला वीस हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घेतात. ड्रायव्हर दंडाला भ्यालेला दिसला, दादा दिवस वाया जाण्याला. पोलीस आज या रस्त्याला नसतात, रात्री निघू, हळू जाऊ, अशी दोघांची कुजबुजही झाली. मला विचाराल तर या कुजबुजीनेच आपल्याकडचे निम्मे अपघात होतात. रस्त्यावर पोलीस नसला म्हणून वजन काही कमी भरत नाही.

“दोन खेपा करा,” फिटरबाबा म्हणाले.

“काका, भाडं दुप्पट होते. आन् खोललेलं यंत्र पुन्हा जुळलं नाई तं?” दादाचा आवाज कापरा झाला. भीती खोटी नव्हती. जुने यंत्र म्हणजे जुना संसार. एकदा विस्कटला की पहिल्यासारखा बसेल याची खात्री नाही. पाटल्या मात्र बँकेत गेलेल्या.

“मुंडकं बेडवरच राहू द्या. त्याले हात नोका लावू. बाकी म्या खोलतो.”

शहात्तर वर्षांच्या माणसाने धोतर खोचले आणि कामाला सुरुवात केली. आधी चक काढला, मग टेलस्टॉक, मग मोटर आणि पट्ट्याचा दांडा, गिअरांची चळत, टूल धरणारी सरकती बैठक. प्रत्येक जोडावर दोन्हीकडे छिन्नीने खूण केली. एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. पाचरी आणि पिना कापडात बांधून गाठोडे दादाच्या हाती दिले, जणू लग्नातले दागिनेच. शेवटी बेड ओंडक्यांवर टेकवून दोन बिडाचे पाय सोडवले. घासल्या जागांना ग्रीस चोपडून बारदान गुंडाळले. मुकादम साखळी लीडस्क्रूला अडकवायला निघाला तेव्हा मात्र म्हातारबुवा पहिल्यांदा ओरडले. त्या लांब आट्याच्या दांड्याला बाक आला, तर यंत्र पुढे जन्मभर वाकडे आटे कापते. साखळी बेडच्या आतल्या फासळ्यांना बांधायची. मुंडके केबिनकडे, म्हणजे भार मागच्या चाकांच्या पुढे येतो आणि पुढची चाके रस्ता सोडत नाहीत. आणि मुंडके व केबिन यांच्यामध्ये बाभळीचा ओंडका, ठोकून बसवलेला.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावचा कारखाना हलवून औंध संस्थानात कुंडल रोडच्या निवडुंगाच्या माळावर नेला, ही कथा आपण नेहमी माणसाच्या जिद्दीची म्हणून सांगतो. त्या दिवशी प्रथमच माझ्या मनात आले, की त्या यंत्रांचे पाय कुणी सोडवले असतील, आणि कशाकशाला खुणा केल्या असतील?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काटा. ड्रायव्हरसकट १४८० किलो. सत्तर किलोंची जागा उरली. दादा ऐंशी किलोंचा, मी अठ्ठावन्न. माझ्या किरकोळ प्रकृतीची आजवर घरात चेष्टाच झाली. ती कुणाच्या कामी आल्याचा हा पहिलाच प्रसंग. दादा उरलेल्या सामानापाशी थांबला आणि मी राखणदार म्हणून हत्तीवर चढलो.

कारंज्याहून मालेगावकडे दोन रस्ते. समृद्धी महामार्ग याच भागातून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. “तिथं समदे वाऱ्यावानी पळतात. आपला हत्ती चाळीसचा,” असे म्हणून ड्रायव्हरने जुना रस्ता धरला. त्याचा मला आनंदच झाला. जुना रस्ता गावांना विचारत जातो. दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या सुड्या, मधूनच तुरीचा हिरवा पट्टा, मळणीयंत्रांचा धुरळा उन्हात सोनेरी दिसत होता. चाळीसच्या वर काटा गेला की मागे साखळी किंचित वाजे, आणि ड्रायव्हर आपोआप पाय उचली. कालचा ईटावाला पोरगा आज न सांगता शहाणा झाला होता.

शेलूबाजार मागे पडले. एका उताराला, वळणावर, शेतातून ट्रॅक्टर मळणीयंत्र ओढत सरळ रस्त्यावर आला. ड्रायव्हरने ब्रेकवर उभे राहणेच बाकी ठेवले. टायर किंचाळले, माझे कपाळ काचेला लागले आणि पाठीमागे बाभळीचा ओंडका कर्रकन कण्हला. गाडी ट्रॅक्टरपासून दोन हातांवर थांबली. ट्रॅक्टरवाला हात दाखवून निघून गेला. आम्ही खाली उतरलो. साखळ्या जागेवर, बेड जागेवर, केबिनची मागची भिंत शाबूत. ड्रायव्हरने ओंडक्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. “काल निघालो असतो तं...” एवढे म्हणून त्याने वाक्य सोडून दिले, आणि मीही ते पुरे करायला सांगितले नाही.

चहा घेतला तो शिरपूरला. हे जैनांचे मोठे तीर्थ. येथील अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा आहे, म्हणूनच हे नाव. हात जोडताना ड्रायव्हर गाडीच्या पाट्यांकडे पाहून हसला. मला त्याच्या मनातले कळले. वजनापासून अशी सुटका आमच्या लेथच्या नशिबी कुठून असणार!

रिसोडला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. शेडसमोर एक शेतकरी झिजलेला शाफ्ट मांडीवर घेऊन बसला होता. लेथ येणार हे गावभर झालेले.

दुसरी खेप पुढच्या दिवशी आली. दादा सामानाच्या गाडीतून उतरला आणि त्याच्या मागून, कुणी न बोलावता, फिटरबाबा. पायांवर बेड चढला. रेघेला रेघ भेटली, दोनला दोन, तीनला तीन. पाणसळ ठेवून त्यांनी पायांखाली पत्र्याच्या चकत्या सरकवल्या, एक काढली, अर्धी घातली. पट्टा चढवला. मग एक साधी सळई धरून बारीक पापुद्रा काढला आणि दोन्ही टोके मापली. दादा श्वास रोखून उभा. म्हातारबुवांनी मायक्रोमीटर त्याच्याच हातात दिला. दोन्ही टोकांचे माप एक आले. दादाने माप पुसले आणि आत वहिनींना चहा टाकायला सांगितला; आवाज पुन्हा कापरा होता.

पहिला शाफ्ट बाबांनीच कातला. शेतकरी तो गरम असतानाच टॉवेलात गुंडाळून पळाला.

“रोज सकाळी आधी बेरिंगात तेल, मंग बटन,” जाताना त्यांनी बजावले. “आन् रातचं झाकत जा. थंडीनं घाम येते याले, मंग गंजते.” दादाने पुढे केलेल्या नोटा त्यांनी बाजूला सारल्या. वहिनींचा चिवड्याचा डबा तेवढा घेतला. निदान एसटीचे तिकीट तरी, असे मी म्हणालो, तर म्हातारबुवा टोपी सारखी करीत हसले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीत तिकीट लागत नाही, हे माझ्या ध्यानातच नव्हते.