धंद्याची मराठी आणि 'किर्लोस्कर खबर'

आमच्याकडे करारपत्रे करून घेण्यास येणारे बहुतेक व्यापारी दुकानात मराठी बोलतात. माहितीपत्रक मात्र इंग्रजीत छापतात. त्यात स्वतःच्या स्तुतीपलीकडे ग्राहकाच्या उपयोगाचे फारसे काही नसते. मराठीत लिहा म्हटले, की 'धंद्याला मराठी पुरत नाही' असे उत्तर येते.

हे उत्तर बेळगावात ऐकावे लागते, याचा आम्हांस खेद वाटतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचे दुकान काढले, ते याच शहरात. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती जाहिरातीतल्या विशेषणांनी थोडीच दूर होणार! कारखाना किर्लोस्करवाडीस गेल्यानंतर, १९२० मध्ये, शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. आरंभी ते कारखान्याचे वार्तापत्र होते. वाचकाच्या आवडीचा मजकूर वाढत गेला आणि 'किर्लोस्कर' या नावाने तेच मराठीतील एक प्रमुख मासिक झाले.

म्हणून पंप विकणाऱ्या अशिलास आम्ही सांगतो : पंप किती उत्तम, हे राहू द्या, पाणी कमी का येते, फूटव्हॉल्व्ह कसा तपासावा, ते लिहा. दर महिन्याला लिहा, आणि गिऱ्हाईक बोलते त्या शब्दांत लिहा. हमी तेवढी जपून द्यावी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा खोट्या हमीची जाहिरात दिशाभूल करणारी मानतो, मग ती मराठीत असो वा इंग्रजीत.