तापीकाठचा खावसा

सुरतेचे नाव उच्चारताच मराठी माणसाच्या मनात प्रथम उभ्या राहतात त्या १६६४ आणि १६७० मधील शिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्या. त्यानंतर आठवते ते येथील कापड, जर आणि हिरे. येथे वास्तव्य करणाऱ्यांच्या लेखी मात्र या सर्वांच्या आधी येते ते खाणे. ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही गुजराती म्हण येथे प्रत्येक पाहुण्याला जेवणाच्या पहिल्या घासापूर्वी ऐकवली जाते. मग त्याला कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीची घारी, हिवाळ्यातला पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा, उंधियू आणि सकाळचा वाफाळलेला लोचो अशी क्रमाने ओळख करून दिली जाते. पाहुणा तृप्त होऊन परततो.

परंतु या मानाच्या पंगतीत सहसा न बसवला जाणारा एक पदार्थ सुरतेत आहे आणि तो मला या सर्वांहून अधिक बोलका वाटतो. त्याचे नाव खावसा. संध्याकाळी हातगाडीपाशी उभे राहून खाण्याचा हा पदार्थ म्हणजे एका वाडग्यात घातलेल्या नूडल्स आणि त्यांवर ओतलेला पिवळसर रस्सा. नूडल्स दिसल्या की आपण ‘चायनीज’ म्हणून मोकळे होतो. खावशाच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ज्याला आपण सर्रास ‘चायनीज’ म्हणतो, ते अन्न सुरतेतही चौकाचौकांत मिळते. लाल अक्षरांच्या पाट्या, मोठ्या आचेवर खणखणणारी लोखंडी कढई, हक्का नूडल्स आणि मंचुरियन. त्याची वाट कलकत्त्याहून निघालेली आहे. तेथे स्थायिक झालेल्या हक्का चिनी कुटुंबांनी टांगरा भागात कातडी कमावण्याचे कारखाने काढले, पुढे उपाहारगृहे काढली आणि भारतीय जिभेला रुचेल असे तिखट चिनी अन्न घडवले. मंचुरियन तर १९७५ साली मुंबईत जन्मले असे सांगितले जाते. चीनच्या मांचुरियाशी त्याचे नावापुरतेच नाते. हे अन्न सुरतेत जमिनीवरून आले. खावसा आला तो समुद्रावरून, आणि त्याचा पत्ता शोधायचा तर तापी ओलांडून रांदेरला जावे लागते.

रांदेर आज सुरत महानगराचाच एक भाग आहे. तथापि तापीच्या उजव्या तीरावरील हे गाव एके काळी स्वतंत्र आणि संपन्न बंदर होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोसा याने त्याचे जे वर्णन केले आहे ते वाचून आश्चर्य वाटते. येथील मुसलमान व्यापारी स्वतःच्या जहाजांतून मलाक्का, पेगू, मार्तबान, सुमात्रा येथवर व्यापार करीत. चीनचा माल हवा असेल त्याला तो येथे हमखास मिळे. घरांच्या पुढच्या दालनांत चहूबाजूंनी फळ्या मारून त्यांवर उंची चिनी मातीची भांडी मांडून ठेवण्याची येथे रीत होती. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी हे गाव लुटले आणि जाळले. त्यानंतर व्यापाराचे माप पलीकडच्या तीरावरील सुरतेच्या पदरात पडले. म्हणजे चिनी वाडगा रांदेरच्या फळीवर चारशे वर्षे आधीच येऊन बसला होता. त्यात घालायच्या शेवया मागाहून आल्या.

त्या आल्या रंगूनहून. इंग्रजांनी १८५२ मध्ये रंगूनसह दक्षिण ब्रह्मदेश आणि १८८५ मध्ये उरलेला उत्तर ब्रह्मदेश घेतला. १९३७ पर्यंत हा देश हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचाच भाग होता, त्यामुळे तेथे जाणे हे परदेशगमन नव्हते. मद्रासकडून मजूर गेले, बंगालमधून कारकून गेले, चेट्टियार सावकार गेले, आणि रांदेर-सुरतेहून सुन्नी व्होरा व्यापारी गेले. रंगूनमध्ये त्यांनी इतका जम बसवला की भर बाजारपेठेतील एका मोठ्या मशिदीला सुरती जामा मशीद आणि एका विस्तीर्ण बाजाराला सुरती बडा बाजार अशी नावे पडली. १९३१ च्या खानेसुमारीत रंगूनच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक लोक हिंदी होते. रांदेरच्या जुन्या गल्ल्यांतून फिरताना सागवानी खांबांची आणि कोरीव सज्जांची जी घरे दिसतात, त्यांच्यामागे रंगूनची कमाई आणि ब्रह्मी सागवान आहे.

ब्रह्मदेशात नूडल्सना ‘खाउकस्वे’ म्हणतात. ‘ओन नो’ म्हणजे नारळाचे दूध. ओन नो खाउकस्वे हा तेथील घरोघरचा आवडता पदार्थ असून त्यात नारळाच्या दुधाचा, हरभऱ्याच्या पिठाने दाट केलेला कोंबडीचा रस्सा नूडल्सवर घालतात. नूडल्स तेथे पोहोचल्या चीनमधून. युनान प्रांतातून खेचरांचे तांडे घेऊन येणाऱ्या चिनी मुसलमान व्यापाऱ्यांना ब्रह्मदेशात ‘पांथे’ म्हणतात आणि पांथे खाउकस्वे तेथे आजही प्रसिद्ध आहे. चीनची शेवई, ब्रह्मदेशाचा नारळ आणि आपल्या ओळखीचे डाळीचे पीठ असा हा त्रिवेणी संगम सुरती कुटुंबांनी आपल्या स्वयंपाकघरात घेतला. सुरती जिभेवर खाउकस्वेचा खावसा झाला.

पुढे ते घरच हरपले. २३ डिसेंबर १९४१ रोजी रंगूनवर जपानी बाँब पडले, मार्च १९४२ मध्ये शहर पडले, आणि चार-पाच लाख हिंदी लोक ब्रह्मदेश सोडून निघाले. त्यांतील फार मोठा भाग आसाम आणि आराकानच्या डोंगरवाटांनी पायी चालत आला, आणि वाटेत रोगाने व उपासमारीने सहस्रावधी माणसे दगावली. युद्धानंतर काही जण परतले. परंतु १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली, १९६४ मध्ये दुकाने आणि व्यापार सरकारजमा झाले, आणि पुन्हा सुमारे तीन लाख हिंदी लोकांना तो देश सोडावा लागला. दुकान, घर, शिल्लक सारे मागे राहिले. जे बरोबर आणण्यास कोणत्याही जकात-नाक्याची परवानगी लागत नव्हती, ते तेवढे आले. त्यात ही पाककृती होती.

रांदेरच्या बाजारात संध्याकाळी गाडीपुढे उभे राहिल्यावर ती कशी सिद्ध होते हे पाहण्यासारखे आहे. मोठ्या पातेल्यात डाळीच्या पिठाचा, नारळाच्या वासाचा रस्सा संथपणे रटरटत असतो. रंगाने तो आपल्या कढीच्या जवळचा, चवीने मात्र निराळा. वाडग्यात उकडलेल्या नूडल्स, त्यांवर रस्सा, मग लसणाची लाल चटणी, तळलेल्या समोशाच्या पारीचा चुरा, शेव, कोथिंबीर आणि शेवटी लिंबू. मांसाहारी घरांत रस्सा मटणाचा वा कोंबडीचा असतो. गाडीवर पुष्कळदा तो निव्वळ शाकाहारी असतो आणि जैन-वैष्णव शेजारीही त्याच्यापुढे रांग लावतात. नारळाची गोडी, लसणाचा ठसका, मऊ शेवयांत दाताखाली कुरकुरणारा चुरा आणि लिंबाचा आंबटपणा हे चारही एका घासात येतात, म्हणून चमचा वाडग्याच्या तळापर्यंत न्यावा लागतो. गाडीवाला घाई करीत नाही, पण मागच्या गिऱ्हाइकाची नजर घाई करते.

रमजानच्या महिन्यात याच बाजाराला जागरणाची जत्रा भरते. इफ्तारनंतर निखाऱ्यांवर सळया चढतात, खिम्याच्या कबाबांची चरबी विस्तवावर थेंबथेंब पडून धूर उठतो आणि त्या धुरातून वाट काढीत माणसे एका गाडीवरून दुसऱ्या गाडीकडे सरकतात. येथे रंगूनी पराठा मिळतो. त्याची गंमत अशी की ब्रह्मदेशात पराठा गेला तो आपल्याच लोकांबरोबर. तेथे त्याचा ‘पलाटा’ झाला. रांदेरमध्ये तो परतला तेव्हा गावच्या लोकांनी त्याला रंगूनी म्हणून स्वीकारले. माहेरवाशीण माघारी यावी आणि तिला सासरच्या नावाने हाक मारावी, तसा हा प्रकार आहे. या गर्दीत सर्व धर्मांची, सर्व भाषांची माणसे असतात. त्यांत उधना आणि लिंबायतहून आलेली आपली खानदेशी पोरेही असतात, आणि कबाबवाल्याशी ती सफाईदार सुरती गुजरातीत बोलतात.

याच ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांनी मद्रासला बर्मा बाजार वसवला आणि त्या परिसरात ‘अथो’ नावाचा नूडल्सचा प्रकार रुजवला. त्यात रस्सा नाही. नूडल्समध्ये कोबी, कांदा, चिंचेचे पाणी आणि तळलेला कुरकुरीत चुरा हाताने कालवून देतात. मूळ देश एक, हरपलेले घर एक, परंतु तमिळ माणसाने त्यात चिंच घातली आणि सुरती माणसाने शेव व लसणाची चटणी. दोघांनीही ज्या नगरात राहायचे त्या नगराची चव पदार्थात मिसळली, आणि दोघांनीही परक्या भाषेतले त्याचे नाव सांभाळले. खावशाकडून घेण्यासारखे मला हेच वाटते.

आपणा मराठी माणसांचा ब्रह्मदेशाशी संबंध आहे, पण तो बंदिवासाचा आहे. डिसेंबर १९०७ मध्ये याच सुरतेत काँग्रेसचे अधिवेशन उधळले गेले, आणि पुढच्याच वर्षी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. तेथेच त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. उलट मंडालेचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीस आणला गेला आणि १९१६ मध्ये तेथेच निवर्तला. त्यामुळे ‘मंडाले’ म्हटले की आपल्यापुढे तुरुंगाच्या भिंती येतात. रांदेरच्या वृद्धापुढे मात्र ब्रह्मदेश म्हटला की एक दुकान, एक गल्ली आणि एक वाडगा येतो. एकाच देशाच्या या दोन आठवणी सुरतेत शेजारी शेजारी नांदत आहेत.

आता आपल्या घरात डोकावू. सुरतेतील मराठी वस्तीचा मोठा भाग जळगाव, धुळे, नंदुरबारकडून भुसावळच्या गाडीने आलेला आहे. मागावर, गिरणीत, छपाईच्या कारखान्यात त्याने कष्ट केले. आज तिसरी पिढी येथे वाढत आहे. महानगरपालिका येथे मराठी माध्यमाच्या शाळा चालवते ही समाधानाची गोष्ट आहे, परंतु भाषा केवळ शाळेत टिकत नाही हे शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाने सांगावे लागू नये. एकदा मधल्या सुट्टीत एका विद्यार्थिनीच्या डब्यात गुळाच्या शेवया होत्या. मैत्रिणीने हे काय म्हणून विचारले, तेव्हा ती म्हणाली, “घरचे नूडल्स.” उत्तर चटपटीत होते, मैत्रिणीला ते लगेच समजले, आणि शेवया दोघींनी मिळून आवडीने खाल्ल्या. पदार्थ होता. नाव गेले होते.

वास्तविक पिठाला आकार देण्याची विद्या आपल्याकडे काही कमी नव्हती. उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकून पाटावर लांबच लांब ओढलेल्या शेवया, गव्हाच्या चिकाच्या कुरडया, रुखवतासाठी चिमटीत वळलेले गव्हले, बोटवे, मालत्या, नखुले. प्रत्येक आकाराला वेगळा शब्द होता आणि तो शब्द सांगताना आजीची बोटे तो आकार हवेतच वळून दाखवीत. रांदेरच्या कुटुंबांनी दुसऱ्याच्या भाषेतला एक शब्द समुद्र ओलांडून आणला आणि दोन वेळा सर्वस्व गमावूनही जपला. आपणाला तर आपलेच शब्द जपायचे आहेत, आणि मध्ये समुद्रही नाही, एका रात्रीची आगगाडी आहे.

मुलांनी नूडल्स खाऊ नयेत असे मी म्हणणार नाही. उलट त्यांना घेऊन एखाद्या संध्याकाळी तापीच्या पलीकडे जावे, खावसा खाऊ घालावा, आणि तो रंगूनहून कसा आला ते गाडीपाशीच सांगावे. गाडीवाला मोकळा असेल तर त्यालाही विचारावे. आपल्या पदार्थाबद्दल आस्थेने विचारलेले कोणाला आवडत नाही? आणि येत्या उन्हाळ्यात घरात शेवया किंवा कुरडया होतील तेव्हा मुलांना पाटापाशी बसवून घ्यावे, एक-दोन बिघडू द्याव्यात, आणि प्रत्येक प्रकाराचे नाव त्यांच्याकडून म्हणवून घ्यावे. ज्या घरी गव्हले-मालत्या वळणारी आजी अद्याप आहे, त्या घराने हे काम उद्यावर टाकू नये.