मोकळे राहिलेले सहा आकडे

काही वस्तू आपल्याला कधीच मिळणार नसतात, म्हणून त्यांच्याकडे निवांत पाहता येतं. जग्वारची लाइटवेट ई-टाइप ही माझ्यासाठी तशी वस्तू. घ्यायची ऐपत नाही, ठेवायला जागा नाही आणि चालवायचं धाडस तर मुळीच नाही. त्यामुळे लोभ मध्ये लुडबुडत नाही. चित्र समोर ठेवावं आणि त्या लांबलचक नाकाडावरून नजर सावकाश मागे न्यावी. समोरचं तोंड माशासारखं अरुंद उघडलेलं, मग बॉनेटचा मधला फुगवटा, मग एकदम मागे सरकून बसलेली चालकाची जागा. हा आकार माल्कम सेयरचा. विमानांच्या कारखान्यातून आलेला हा माणूस गणितं मांडून रेषा काढायचा. बॉनेट पाहताना ते गणित कुठेच टोचत नाही.

साधी ई-टाइप १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली आणि धो धो खपली. लाइटवेट ही १९६३ सालची, शर्यतीसाठी रोडावलेली तिची धाकटी बहीण. थोरलीचं अंग पोलादी, हिचं ॲल्युमिनियमचं. दारं, बॉनेट, डिकी, छप्पर, इतकंच काय, इंजिनाचा ब्लॉकसुद्धा त्याच धातूचा. आतला साजशृंगारही उतरवला. असं करत करत ११४ किलो गेले. पितळेचं समजून जर्मलच्या पातेल्याला हात घालावा, तर ते अंदाजापेक्षा भस्सकन वर येतं, ३.८ लिटरच्या त्या इंजिनाला गाडी ओढताना असंच काहीसं होत असणार. एरवी पैसे पडतात ते काही वाढवलं की. इथे जे काढून टाकलं त्याचं मोल.

कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्याने या जातीच्या १८ गाड्यांसाठी चॅसी क्रमांक राखले होते. प्रत्यक्षात गाड्या झाल्या १२. त्यातल्या एकीने पहिल्याच शर्यतीत, स्नेटर्टनला, ग्रॅहम हिलच्या हाती बाजी मारली. पुढे फेरारीच्या जीटीओशी झुंजताना कधी जमलं, कधी नाही. उरलेले ६ क्रमांक मात्र दप्तरात तसेच पडून राहिले. त्यांच्यावर गाडी नव्हती, धूळ बसायलाही काही नव्हतं.

पन्नास वर्षं उलटल्यावर, २०१४ साली, जग्वारने ते क्रमांक भरून काढायचं ठरवलं. तोवर जग्वार टाटांची झाली होती, त्यामुळे या अर्धवट राहिलेल्या कामाची मालकी मुंबईकडे होती. त्या बातमीने मी उगाचच सुखावलो. जुन्या गाडीचं अंग आतून-बाहेरून स्कॅन केलं गेलं, आणि तिथे एक मजेची गोष्ट निघाली. हातांनी घडवलेल्या गाडीच्या दोन्ही बाजू तंतोतंत जुळत नाहीत. मग नव्या गाड्यांसाठी एकच बाजू प्रमाण धरली आणि दुसरी आरशातल्यासारखी तिच्यावरून उतरवली. नवी गाडी जुनीपेक्षा रेखीव झाली ती अशी. माझं मन मात्र त्या जुन्या, किंचित वाकड्या कुशीपाशीच घोटाळतं. तिथे कुणाचा तरी हातोडा एक घाव जास्त बसला असेल, किंवा दुपारच्या सुट्टीची घाई झाली असेल.

हौसेला मोल नसतं म्हणतात. या हौसेला ते होतं, आणि दहा लाख पौंडांच्या घरात असल्याचं तेव्हा छापून आलं. नुसते पैसे असूनही भागत नव्हतं. जग्वारचा संग्रह जपणारे, जुन्या गाड्यांच्या शर्यतींत रमणारे लोक आधी. काम १२ वर थांबलं, तेव्हा या गाड्या दुर्मीळ व्हाव्यात असा कुणाचा बेत नव्हता. बेत तर १८ चा होता. म्हणजे तेव्हाची दुर्मिळता ओघाने आली. आता मर्यादित आवृत्तीची गाडी काढताना आधी आकडा ठरतो, मग गाडी. या सहा गाड्यांची गंमत अशी, की त्यांचा आकडाही आधीच ठरलेला होता, पण तो ठरवला होता जुन्या कुणाच्या तरी अपुऱ्या राहिलेल्या मनसुब्याने.

मग तेराव्या गाडीचं वय काय धरायचं? क्रमांक १९६३ चा, रिव्हेट पन्नास वर्षांनंतरचे. मला विचाराल तर यातलं काहीच धरू नये. या गाड्या रस्त्यासाठी नाहीतच. जुन्या गाड्यांच्या शर्यतींत उतरवण्यासाठी त्या घडवल्या. पहिल्या बारा धावल्या, आपटल्या, ठोकून सरळ झाल्या, तेव्हा कुठे त्यांना ओळख आली. या सहांच्या मालकांनीही त्या काचेआड न ठेवता वळणावर घसरू द्याव्यात, चार पोचे पडू द्यावेत. त्या घोटीव, आरशातल्या बाजूंमध्ये फरक पडू लागला, की क्रमांक खऱ्या अर्थाने भरला असं मी समजेन.