कोठीतले पाखरू

गेल्या वर्षी श्रावणात ज्वारीच्या कोठीचे झाकण काढले आणि एक राखी रंगाचे पाखरू भुर्रकन तोंडावर आले. आत हात घातला, तो दाणे मोकळे लागेनात! रेशमासारख्या जाळीत गुंफलेले घोसच्या घोस हाती आले. मंगळवेढ्याची मालदांडी, वर्षाची बेगमी! मी मुकाट्याने झाकण लावले.

आमच्या सोलापूरच्या घरात कोठी सासूबाईंची. दृष्टी गेली तरी कडुनिंबाचा पाला घालून धान्य भरायचे काम त्यांनी कुणाला दिले नव्हते. त्या वर्षी मात्र “राहू द्या आई, मी भरते,” म्हणून मीच ते काढून घेतले, आणि ऊन द्यायचा कंटाळा केला.

पुस्तकात शोधले. पाखराचे नाव कॉर्सायरा सेफॅलोनिका. दोन्ही नावे ग्रीसच्या बेटांवरून आलेली. बेटे तिकडची, जेवण मात्र आमच्याकडे! ज्वारी, बाजरी, तांदूळ, रवा, शेंगदाणे, काही म्हणून वर्ज्य नाही. मोठे पाखरू काहीच खात नाही. आठवडाभर जगायचे, तेवढ्यात मादी शंभरावर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी निघते, ती महिनाभर खाते, जाळी विणते आणि त्या जाळीतच कोष करते. बालपणी मेजवानी, म्हातारपणी कडकडीत उपास!

लपवून लपते थोडेच? भाकरीच्या वासावरूनच सासूबाईंनी ओळखले. कोठीत हात घालून म्हणाल्या, “ऊन दिलं नव्हतंस ना?” एवढेच. पण त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतेच बोलत. गच्चीवर ज्वारी चाळता चाळता माझे तीन दिवस गेले.

दसऱ्याला मोहोळकडचा माझा भाचा आला. त्याच्या उसाला खोडकिडा लागला होता. त्याने पिशवीतून पुठ्ठ्याचे एक कार्ड काढले. त्यावर चिकटवलेली अंडी याच पाखराची! प्रयोगशाळेत ही पाखरे भरडलेल्या धान्यावर मुद्दाम पोसतात. अंडी उबू नयेत म्हणून ती अतिनील किरणांखाली धरतात आणि ट्रायकोग्रामा नावाच्या टाचणीच्या टोकाएवढ्या माशीला त्यांत आपली अंडी घालू देतात. कार्ड उसाच्या पानाला टाचले, की त्यातून निघालेल्या माशा खोडकिड्याची अंडी हुडकतात आणि अळी निघण्याआधीच त्यांचा निकाल लावतात.

सासूबाईंनी कार्डावरून हलकेच बोट फिरवले.

“मुद्दाम पोसतात म्हणतोस? मग हिलाच ठेवून घ्या म्हणावं तिथं. हिचा हात चांगला आहे!”

आणि त्या खुदकन हसल्या.

यंदा चैत्रात मी गच्चीवर ज्वारीला चार उन्हे दिली. कोठी त्यांनी भरली.